युरोपातली स्पर्धा, तिचे पंच आणि पंचांचे हिशेबनीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘युरोपने गुगलला पुन्हा दंड ठोकला’ अशी बातमी आली की खाली दोन ठरावीक प्रतिक्रिया येतात. एक: ‘बरं झालं, माजले होते.’ दुसरी: ‘यांना स्वतःला काही बनवता येत नाही, म्हणून दुसऱ्याकडून वसुली.’ दंडाचा आकडा ठरण्याआधी आणि नंतर जी वर्षानुवर्षं आकडेमोड चालते, तिच्याबद्दल मात्र मराठीत फारसं कुणी बोलत नाही. हे पान त्या आकडेमोडीबद्दल आहे.

नियमन आणि स्पर्धा धोरण म्हणजे एकच ना?

सख्खी भावंडं म्हणा, पण एकच नाही. एका गल्लीत विजेच्या तारांचे दोन संच कुणी ओढत नाही. रूळ, पाण्याचे नळ, गॅसच्या वाहिन्या यांचंही तेच. तिथे मक्तेदारी राहणारच, म्हणून तिचा दर, दर्जा आणि गुंतवणूक कुणीतरी आधीच ठरवून द्यावी लागते. हे नियमन. बाकीच्या बाजारांत, म्हणजे ट्रकपासून केळ्यांपर्यंत, सरकारने दर ठरवायचे नाहीत. कंपन्यांनी संगनमत केलं, मोठ्या कंपनीने लहानाचा रस्ता अडवला किंवा दोन प्रतिस्पर्धी एक व्हायला निघाले तरच मध्ये पडायचं. हे स्पर्धा धोरण.

युरोपात दुसरं काम ब्रसेल्समधला युरोपीय आयोग (युरोपीय संघाचा कारभार पाहणारी संस्था) आणि देशोदेशींच्या संस्था मिळून करतात; जर्मनीचं कार्टेल कार्यालय (कार्टेल म्हणजे संगनमत करणाऱ्या कंपन्यांची टोळी) त्यांतलं सगळ्यांत दबदब्याचं. पहिलं काम प्रत्येक देशाच्या आपापल्या नियामकांचं. त्यांच्यात मेळ राहावा म्हणून ऊर्जेसाठी लुब्लियानात एक संस्था आहे आणि दूरसंचारासाठी रीगात एक कार्यालय. स्लोव्हेनिया आणि लाटव्हियाच्या राजधान्या यासाठी का निवडल्या, तर संस्था सगळ्या देशांत वाटून द्यायच्या असतात म्हणून! आपल्याकडे विभागवार महामंडळं वाटतात तसंच.

याची सुरुवात कुठे झाली?

कागदावर १९५७ च्या रोम करारात. त्यातलं ८५ वं कलम संगनमताविरुद्ध, ८६ वं वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्ध. आज त्यांचे क्रमांक १०१ आणि १०२ आहेत, मजकूर जवळपास तोच. दोन्ही मिळून पानभराचा ऐवज.

विचाराचं मूळ त्याआधीचं, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातलं. वाल्टर ऑयकेन आणि फ्रान्झ ब्योम या मंडळींनी जर्मन उद्योगांची कार्टेलं आणि हुकूमशाही एकमेकांच्या हातात हात घालून वाढताना पाहिली होती. त्यांच्या मते सरकारने बाजारात खेळायचं नाही, पण मैदानाच्या रेषा आखायच्या आणि मोडणाऱ्याला बाहेर काढायचं. ग्राहकाला स्वस्त मिळावं एवढाच हेतू नव्हता. कुणाही एकाच्या हाती फार सत्ता एकवटू नये, ही खरी काळजी होती. आजही युरोप आणि अमेरिका एकाच कंपनीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात तेव्हा या फ्रायबुर्गची सावली मध्ये असते.

एक गैरसमज इथेच दूर करू. बाजारात वर्चस्व असणं गुन्हा नाही. चांगला माल विकून तुम्ही नव्वद टक्के बाजार मिळवलात, तर आयोग काही म्हणणार नाही. ते वर्चस्व वापरून दुसऱ्याचं दार बंद केलंत, तर म्हणेल.

कायदा आहे, न्यायालयं आहेत. मग संशोधकांची गरज कशाला?

याचं उत्तर २००२ सालात आहे. त्या वर्षी लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने आयोगाला पाच महिन्यांत तीनदा तोंडघशी पाडलं. जूनमध्ये एअरटूर्स या ब्रिटिश सहल कंपनीचं प्रकरण, ऑक्टोबरमध्ये एकाच आठवड्यात विद्युत उपकरणांच्या श्नायडर–लग्रां आणि वेष्टणं बनवणाऱ्या टेट्रा लावाल–सिडेल या दोन जोड्यांची प्रकरणं. तिन्ही विलीनीकरणं आयोगाने अडवली होती आणि तिन्ही निर्णय रद्द झाले. न्यायालयाचा सूर असा होता की तुमची भीती खरी असेलही, पण ती सिद्ध करणारी आकडेमोड कुठे आहे?

वार जिव्हारी लागला. २००३ मध्ये आयोगात मुख्य अर्थशास्त्रज्ञ हे पद निर्माण झालं आणि लार्स-हेंड्रिक रोलर हे त्या पदावरचे पहिले. तोवर हे खातं प्रामुख्याने वकिलांचं होतं. तेव्हापासून विद्यापीठातला माणूस काही वर्षं ब्रसेल्समध्ये येतो, मोठ्या प्रकरणांची चिरफाड करतो आणि परत शिकवायला जातो. २००४ पासून विलीनीकरणाची कसोटीही बदलली: नवी कंपनी वर्चस्व गाजवेल का, एवढंच न विचारता, परिणामी स्पर्धा लक्षणीयरीत्या घटेल का, असा प्रश्न आला. हा प्रश्न कायद्याचं पुस्तक उघडून सुटत नाही. त्याला आकडे लागतात.

इथून एक ओढाताण सुरू झाली. हिशेब जितका काटेकोर, तितका निकाल लांबतो. निकाल लवकर हवा, तर हिशेब ढोबळ ठेवावा लागतो. गेल्या वीस वर्षांतलं युरोपातलं बहुतेक संशोधन या दोन टोकांमध्येच झोके घेतंय, असं मला वाटतं.

‘बाजार’ किती मोठा हे ठरवतात कसं?

सुरुवातीला गंमतच होती. १९७८ मध्ये युनायटेड ब्रँड्स या केळी विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण आलं. कंपनी म्हणाली, आमचा बाजार म्हणजे सगळी ताजी फळं, आणि त्यात आम्ही अगदीच किरकोळ. न्यायालय म्हणालं, केळ्याचा बाजार वेगळा. केळं मऊ असतं, बिया नसतात, हाताळायला सोपं, आणि लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी लोक यांची गरज तेच भागवतं. घरात दात नसलेली आजी असेल तर हा युक्तिवाद कुणालाही पटेल. पण याने नेमकं काय मोजलं?

आता प्रश्न असा विचारतात: समजा, केळी विकणारी एकच कंपनी आहे आणि तिने दर पाच-दहा टक्क्यांनी वाढवला. किती गिऱ्हाईक सफरचंदाकडे वळेल? दरवाढ तोट्यात जाण्याइतकं वळलं, तर बाजार नुसत्या केळ्यांचा नाही. नाही वळलं, तर केळी हाच बाजार.

मग इंटरनेट आलं आणि ही कसोटी अडखळली. शोधयंत्र फुकट, नकाशे फुकट, समाजमाध्यम फुकट. शून्याचे पाच टक्के शून्यच! म्हणून आता दराऐवजी दर्जा बघायचा: जाहिराती वाढवल्या, गोपनीयता कमी केली, तर लोक सोडून जातात का? फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने बाजार ठरवण्याची १९९७ ची जुनी मार्गदर्शिका बदलली, तेव्हा हे त्यात रीतसर आलं. दर्जा मोजायचा कसा, यावर मात्र अजून भांडणं आहेत.

कार्टेल सापडतं कसं? कुणी पावती तर ठेवत नाही.

बहुतेकदा घरभेद्यामुळे. १९९६ पासून युरोपात माफीची योजना आहे: कटातला जो पहिला येऊन पुराव्यानिशी सगळं सांगेल त्याला दंड माफ. दुसऱ्याला थोडी सूट, उरलेल्यांनी भरायचं. प्रत्येकाला रात्री एकच विचार छळायला हवा, की आपल्याआधी तो गेला तर?

ट्रकचं कार्टेल असंच फुटलं. मॅन, व्होल्वो-रेनॉ, डाइमलर, इव्हेको आणि डाफ या ट्रक उत्पादकांनी १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं किमतींवर आणि प्रदूषणाच्या नव्या मानकांचा खर्च गिऱ्हाइकावर टाकण्यावर आपसात ठरवून घेतलं होतं. जुलै २०१६ मध्ये एकूण २९३ कोटी युरोंचा दंड झाला. मॅनने तोंड उघडलं होतं, त्यामुळे तिचा सुमारे १२० कोटींचा दंड शून्यावर आला. कटातली आणखी एक कंपनी, स्कॅनिया, हिने तडजोड नाकारली. तिला २०१७ मध्ये वेगळे ८८ कोटी लागले आणि २०२४ मध्ये तिचं शेवटचं अपीलही फेटाळलं गेलं.

खरं संशोधन यानंतर सुरू होतं. ट्रक विकत घेतलेले वाहतूकदार युरोपभर न्यायालयांत भरपाई मागताहेत. कट नसता, तर ट्रक कितीला पडला असता? जे घडलंच नाही, त्याची किंमत काढायची! कटाच्या आधीचे दर, नंतरचे दर, पोलादाचा भाव, मागणीतली चढउतार हे सगळं समीकरणात घालून दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ वेगवेगळे आकडे काढतात आणि न्यायाधीश डोकं धरून बसतात.

इंटेलचं प्रकरण एवढं का गाजलं?

कारण वर सांगितलेली ओढाताण त्यात उघडी पडली. मे २००९ मध्ये आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला, तेव्हाचा विक्रम. आरोप असा, की संगणक उत्पादकांना ‘जवळजवळ सगळ्या चिप आमच्याकडूनच घ्या’ या अटीवर सूट देऊन इंटेलने एएमडी या प्रतिस्पर्धी चिप कंपनीची वाट अडवली.

सूट देणं वाईट का? बहुतेकदा नाही. म्हणून आयोगाने एक कसोटी लावली: इंटेलइतकाच कार्यक्षम प्रतिस्पर्धी ही सूट गाठताना तोट्यात जाईल का? कल्पना सुरेख, पण तिला असंख्य गृहीतकं लागतात आणि प्रत्येक गृहीतक म्हणजे वकिलाला एक खिडकी. लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या दोन पायऱ्या आहेत; २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने दंड कायम केला. २०१७ मध्ये वरच्याने प्रकरण परत पाठवलं. २०२२ मध्ये खालच्यानेच हिशेबात चुका दाखवत दंड रद्द केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वरच्याने त्यावर शिक्का मारला. मधल्या पंधरा वर्षांत लोकांनी टेबलावरचा संगणक सोडून खिशातला फोन हाती घेतला होता. आरोपांचा एक छोटा तुकडा तेवढा टिकला. त्यासाठी २०२३ मध्ये ३७.६ कोटींचा वेगळा दंड लावण्यात आला.

म्हणून डिजिटल बाजार कायदा आणला का?

बऱ्याच अंशी, हो. गुगलने शोधात आपलीच खरेदी-सेवा वर दाखवल्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड झाला, त्यावर अंतिम मोहोर उमटायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर ज्या लहान संकेतस्थळांसाठी हे चाललं होतं, त्यांपैकी कित्येकांचं दुकान उठलेलं. २०१९ मध्ये जाक क्रेमर, हाइके श्वाइत्झर आणि इव्ह-अलेक्झांडर द मोंज्वा या तिघांनी आयोगासाठी एक अहवाल लिहिला: एक अर्थशास्त्रज्ञ, एक कायदेतज्ज्ञ, एक विदातज्ज्ञ (डेटाचा जाणकार). डिजिटल बाजारात एकदा गर्दी एका बाजूला झुकली की परत येत नाही, म्हणून चुकून थोडं जास्त रोखणं हे चुकून कमी रोखण्यापेक्षा बरं, असा त्यांच्या म्हणण्याचा कल होता.

२०२२ चा कायदा त्याच वळणाचा आहे. वर्षाला ७५० कोटी युरोंची युरोपीय उलाढाल किंवा ७,५०० कोटींचं बाजारमूल्य, शिवाय महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला दहा हजार व्यावसायिक ग्राहक असले की कंपनी ‘द्वारपाल’ ठरते. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट अशी सहा नावं जाहीर झाली, नंतर बुकिंगची भर पडली. द्वारपालाने काय करायचं आणि काय नाही, याची यादी कायद्यातच आहे. बाजार ठरवा, वर्चस्व सिद्ध करा, परिणाम मोजा, ही तिन्ही पायऱ्या गाळल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहिले दंड झाले: ॲपलला ५० कोटी, मेटाला २० कोटी.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना याचा अनुभव रोजच्या वापरात आलाच असेल. शोधताना दिसणाऱ्या नकाशावर टिचकी मारली की थेट गुगल मॅप्स उघडायचं, ते बंद झालं. आयफोनवर दुसऱ्यांची ॲपची दुकानं आली. ॲपलच्या काही नव्या सोयी तिथे उशिरा पोहोचल्या. ग्राहकाचं भलं झालं की गैरसोय? संशोधक आता हेच मोजताहेत. कायद्याने पायऱ्या गाळल्या म्हणून मोजणी टळली नाही. ती नुसती निकालाआधी होती ती नंतर गेली.

दंडाचे पैसे कुणाच्या खिशात जातात?

युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पात. तेवढी सदस्य देशांची वर्गणी कमी होते. आयोगाच्या अधिकाऱ्यांना त्यातून काही मिळत नाही. ‘वसुली’वाल्यांनी नोंद घ्यावी.

मोबाइल कंपन्या तीन असाव्यात की चार?

हा युरोपातला बराच जुना वाद, आणि संशोधनाने काय साधतं आणि काय नाही हे कळायला याहून चांगलं उदाहरण नाही.

जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्समध्ये झाव्हिए नील यांची फ्री ही चौथी कंपनी उतरली आणि तिने महिन्याला दोन युरोंची योजना आणली. जुन्या तिघांनी धडाधड दर उतरवले. त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रियात उलटं झालं: हचिसनने ऑरेंजला विकत घेतलं, चाराचे तीन झाले, आयोगाने काही अटींवर परवानगी दिली. पुढे ऑस्ट्रियाच्या स्पर्धा संस्थेने आणि दूरसंचार नियामकाने स्वतंत्रपणे तपासलं, तर दर वाढल्याचं दोघांनाही दिसलं.

दोन देशांवरून नियम निघत नाही. क्रिस्टोस जेनाकोस, तोमासो व्हालेत्ती आणि फ्रँक फरबोव्हन यांनी विकसित देशांपैकी ३३ देशांचे २००२ ते २०१४ या काळातले आकडे एकत्र केले. ब्रसेल्समधल्या युरोपातील नियमन केंद्राने २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. चाराचे तीन झाले तर ग्राहकाचं बिल सरासरी १६.३ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. त्याच वेळी प्रत्येक कंपनीची गुंतवणूक १९.३ टक्क्यांनी वाढते.

मग काय, दोन्ही पक्ष खूश! ग्राहक संघटनांनी पहिला आकडा उचलला, कंपन्यांनी दुसरा. पण खोच तिसऱ्या निष्कर्षात आहे: सगळ्या कंपन्यांची मिळून एकूण गुंतवणूक ठळकपणे वाढल्याचं दिसलं नाही. चौघांनी थोडी थोडी करायची ती तिघांनी केली, इतकंच. प्रत्येक कंपनी आपल्या मनोऱ्यांवर जास्त खर्च करते म्हणून सेवा सुधारते का, की एकूण बेरीज तीच म्हणून काहीच बदलत नाही? आकडे इथपर्यंत आणून सोडतात. पुढचं राजकारण ठरवतं.

व्हालेत्ती २०१६ मध्ये आयोगाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ब्रिटनमधलं थ्री आणि ओटू यांचं विलीनीकरण रोखलं. २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, २०२३ मध्ये वरच्याने खालच्याचा निकाल फिरवला. दरम्यान ओटूने भलत्याच कंपनीशी घरोबा केला होता. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्याच संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये व्होडाफोन आणि थ्री यांना एकत्र यायला परवानगी दिली, जाळ्यात ठरावीक गुंतवणूक करण्याच्या अटीवर. म्हणजे चाराचे तीन.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाने हा वाद पुन्हा पेटवला. युरोपीय संघात मोबाइल कंपन्यांचे ३४ गट, अमेरिकेत तीन, चीनमध्ये चार, असा त्यांचा हिशेब. वाचताना एक लक्षात ठेवा: पोर्तुगालमधल्या ग्राहकाला फिनलंडमधली कंपनी सेवा देत नाही. चौतीस ही संख्या खंडाची. लिस्बनच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसापुढे पर्याय तीन-चारच.

रोमिंग फुकट झालं, त्याचं काय?

तिथे स्पर्धेची वाट पाहून कंटाळले आणि थेट दरच बांधून दिला. २००७ मध्ये बाहेर लावलेल्या फोनला मिनिटाला ४९ सेंट, आलेल्याला २४ सेंट ही कमाल मर्यादा आली, ती उतरत गेली आणि १५ जून २०१७ पासून जादा आकार बंद झाला. २०२२ मध्ये ही सोय २०३२ पर्यंत वाढवली. सामान्य युरोपीय माणसाला ब्रसेल्सचं एखादं चांगलं काम आठवायला सांगा, बहुतेकदा हेच नाव निघेल.

तारा आणि नळ यांचा दर कसा ठरवतात?

जुनी पद्धत सोपी होती: खर्च दाखवा, वर ठरावीक टक्के परतावा घ्या. हार्वे अॅव्हर्च आणि लिलँड जॉन्सन यांनी १९६२ मध्ये तिचं बिंग फोडलं. परतावा भांडवलावर मिळतो म्हटल्यावर कंपनी गरज नसताना भांडवल ओतत राहते.

१९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम विकायला काढण्याआधी स्टीफन लिटलचाइल्ड यांनी वेगळा तोडगा सुचवला. दर महागाईइतके वाढू द्या, पण त्यातून काही टक्के वजा करा. ब्रिटिश टेलिकॉमसाठी सुरुवातीला तीन. कंपनीने याहून जास्त काटकसर केली, तर तो नफा तिचा. ही कल्पना जगभर गेली. मग दिसलं, की काटकसर करता करता कंपन्या देखभालही छाटतात. २०१३ पासून ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने निकालांना, म्हणजे तुटणाऱ्या पुरवठ्याला, ग्राहकांच्या समाधानाला, नव्या जोडण्यांना पैसे बांधले.

या सगळ्याखालचा सिद्धांत फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठाच्या जाँ-जाक लाफों आणि जाँ तिरोल यांचा. कंपनीला आपला खरा खर्च माहीत असतो, नियामकाला नसतो. म्हणून तिच्यापुढे दोन-तीन करार ठेवा आणि निवडू द्या. तिच्या निवडीतूनच तिचं पोट कळतं. लाफों २००४ मध्ये गेले; तिरोल यांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं.

सिद्धांत उत्तम असूनही गाडी रुळावरून उतरते. १९८९ मध्ये खासगी झालेल्या इंग्लंडमधल्या पाणी कंपन्यांच्या दरावर नियामकाचं बारीक लक्ष होतं, कर्जावर तेवढं नव्हतं. थेम्स वॉटर कर्जात इतकी बुडाली, की २०२५ मध्ये तिला तीन अब्ज पौंडांपर्यंतच्या तातडीच्या कर्जासाठी न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागली. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाची दरवाढीची जनसुनावणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ‘खर्च खरा किती?’ हा प्रश्न नवा वाटणार नाही.

सूर्यप्रकाश फुकट, मग २०२२ मध्ये वीज एवढी का भडकली?

घाऊक बाजारात वीज स्वस्ताकडून महागाकडे रचतात: वारा, सूर्य, अणुऊर्जा, कोळसा, शेवटी गॅस. मागणी पुरी करायला ज्या शेवटच्या प्रकल्पाची गरज पडते, त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपातला गॅस मेगावॉट-तासाला तीनशे युरोंच्या वर गेला आणि विजेचा भाव त्याच्यामागे धावला.

संतापून बरेच जण म्हणाले, ही पद्धतच मोडा. स्पेन आणि पोर्तुगालने जूनपासून वीजनिर्मितीसाठीच्या गॅसच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि त्यांचं भौगोलिक एकटेपण पाहून आयोगाने मान्यताही दिली. लुब्लियानातल्या त्या ऊर्जा संस्थेचा अहवाल मात्र म्हणाला, रोजचा बाजार नीट चालतोय, सीमेपलीकडून वीज आणायला तोच कामी आला. उणीव दीर्घ मुदतीच्या करारांची आहे. २०२४ ची सुधारणा त्याच दिशेने गेली. नव्या वारा-सूर्य प्रकल्पांना सरकारी मदत द्यायची, तर दुहेरी करार करायचा: भाव ठरलेल्या पातळीखाली गेला तर सरकार भरपाई देणार, वर गेला तर प्रकल्पाने परत करायचं.

यंत्रं आपसात संगनमत करू शकतात?

बोलोन्यातल्या चार अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं, की स्वतःहून शिकणारे साधे किंमत-अल्गोरिदम, म्हणजे दर ठरवणारी सॉफ्टवेअर, एकमेकांशी एक अक्षर न बोलता चढे दर ठेवायला शिकतात. एकाने दर पाडला तर दुसरा काही काळ त्याला शिक्षा करतो आणि मग दोघे वर येतात. पण तो प्रयोग संगणकातला. प्रत्यक्षातला पुरावा जर्मनीच्या पेट्रोल पंपांनी दिला. २०१३ पासून तिथे प्रत्येक पंपाला आपला दर लगेच कार्टेल कार्यालयाला कळवावा लागतो, त्यामुळे संशोधकांच्या हाती सोन्याची खाण आली. जिथे दोनच पंप होते तिथे एकाने असं सॉफ्टवेअर वापरून नफा वाढला नाही. दोघांनी वापरल्यावर वाढला. १०१ वं कलम दोघांमधला ‘करार’ शोधतं. इथे करार कुणी केला?

रेल्वेत स्पर्धा खरंच चालते?

वेगवान मार्गांवर, हो. इटलीत एप्रिल २०१२ पासून इतालो सरकारी गाड्यांशी त्याच रुळांवर झुंजते. माद्रिद–बार्सिलोना मार्गावर २०२१ मध्ये उइगो आणि २०२२ मध्ये इर्यो आली. भाडी उतरली, प्रवासी वाढले. उइगो ही फ्रान्सच्या सरकारी रेल्वेची कंपनी. स्पेनच्या सरकारी रेल्वेला फ्रान्समध्ये गाड्या चालवायला मात्र केवढी दमछाक करावी लागली! शेजाऱ्याच्या अंगणातली स्पर्धा सगळ्यांनाच आवडते.

युरोपला मोठ्या कंपन्या नकोच आहेत का?

फेब्रुवारी २०१९ मध्ये आयोगाने सिमेन्स आणि आल्स्तॉम यांच्या रेल्वे व्यवसायांचं लग्न मोडलं, तेव्हा बर्लिन आणि पॅरिस दोघंही चिडले. चीनची महाकाय कंपनी येईल, तिच्यापुढे कोण उभं राहणार, असा त्यांचा सूर. आयोगाचं उत्तर होतं की सिग्नल यंत्रणा आणि अतिवेगवान गाड्यांत चिनी कंपनी युरोपात एवढ्यात दिसत नाही, आणि नुकसान तिकीट काढणाऱ्याचं होईल.

उलट बाजूने तोमा फिलिपों यांचं काम वाचण्यासारखं आहे. हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये शिकवतात. नव्वदच्या दशकात युरोपने अमेरिकेकडून स्पर्धा शिकली आणि आता मोबाइल, विमानप्रवास अशा कित्येक बाजारांत गुरूपेक्षा चेला पुढे गेला, असं त्यांचं म्हणणं. कारणही मासलेवाईक: ब्रसेल्सची संस्था शेजाऱ्याच्या खिशात जाऊ नये, म्हणून प्रत्येक देशाने तिला आपल्या देशातल्या संस्थांपेक्षा जास्त स्वतंत्र केलं.

हे संशोधन चालतं कुणाच्या पैशावर?

विचारायलाच हवा असा प्रश्न. फ्लॉरेन्सची नियमनशाळा २००४ पासून युरोपीय विद्यापीठ संस्थेत आहे आणि नियामकांचे अधिकारी तिथे शिकायला जातात. ब्रसेल्सच्या ज्या नियमन केंद्राचा उल्लेख वर आला, त्याच्या सभासदांत नियामकही आहेत आणि ज्यांचं नियमन होतं त्या कंपन्याही. तुलूझलाही उद्योगांचा निधी मिळतो. मोठ्या खटल्यांत दोन्ही बाजूंना सल्ला देणारे प्राध्यापक असतात, आणि त्यांचं मानधन ऐकलं तर आपल्याकडचे प्राध्यापक राजीनामा देतील.

याने सगळं नासतं असं नाही. सोळा टक्के दरवाढीचा तो आकडा अशाच केंद्रातून आला, आणि सभासदांतल्या दूरसंचार कंपन्यांना तो नक्कीच गोड लागला नसणार. निष्कर्ष कंपनीच्या सोयीचा आहे का, यापेक्षा मूळ आकडे दुसऱ्याला तपासायला मिळतात का, हे मी आधी बघतो. आणि कुठला प्रश्न विचारलाच गेला नाही, हेही. पैसा उत्तरापेक्षा बऱ्याचदा प्रश्नांवर परिणाम करतो.

भारताशी याचा संबंध काय?

२००२ च्या आपल्या स्पर्धा कायद्याचं तिसरं आणि चौथं कलम वाचा. रोम करारातल्या त्या दोन कलमांची चाहूल लागेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडप्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तोही युरोपच्या २०१८ च्या निर्णयाच्या वाटेवर. गुगलने अपिलात चक्क आरोप केला, की आयोगाने युरोपच्या निर्णयातले उतारे उचलले आहेत. आयोगाने तो नाकारला आणि अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. मार्च २०२४ मध्ये आलेला आपला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदाही युरोपच्या द्वारपालांची आठवण करून देतो. तिथल्या कायद्याचे परिणाम मोजून होण्याआधीच इथे तो उतरवायचा का, यावर दिल्लीत दोन तट आहेत. माझा कल थोडं थांबून त्यांचे आकडे पाहण्याकडे आहे. आपल्या लहान ॲपवाल्यांना मात्र तेवढा धीर कुठून आणायचा?

मला स्वतः वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पुस्तकांपासून नको. आयोगाच्या संकेतस्थळावर विलीनीकरणांचे निर्णय मोफत असतात, सिमेन्स–आल्स्तॉमचा घ्या. शेकडो पानं पाहून घाबरू नका, आधी बाजार कसा ठरवला ते प्रकरण वाचा. कंपन्यांची गुपितं झाकलेली असतात, त्यामुळे आकड्यांच्या जागी चौकटी कंसात ‘१० ते २० टक्के’ असे पट्टे दिसतील आणि काही ठिकाणी नुसती तीन टिंबं. पहिल्यांदा वाचताना चिडचिड होते. दुसऱ्यांदा मात्र कंपनीने नेमकं काय झाकायला लावलंय, त्याकडेच लक्ष जाऊ लागतं.